उलटा काळ लिहायचा तर सुलट काय ठेवाल?

एका नव्या लेखिकेने विचारलंय: "माझ्या कादंबरीत काळ उलटा जातो. पुस्तक आजोबांच्या दहाव्याने सुरू होतं आणि त्यांच्या बारशाला संपतं. ज्या दोघांना हस्तलिखित वाचायला दिलं त्यांनी चाळीस-पन्नास पानांत हात टेकले. पुस्तकांत आणि लोकप्रिय कथांत उलटा काळ लोक चवीने वाचतात, मग माझंच घोडं कुठे अडतंय?" सोबत पहिली दोन प्रकरणंही दिली आहेत, ती वाचली.

मी लेखिका नाही, एडिटर आहे. तीसेक वर्षं सिनेमे, मालिका आणि जाहिराती कापण्यात गेली. अलीकडे लोक पटकथा आणून देतात, ‘ताई, कुठे लटकतंय तेवढं बघा’ म्हणून. काळ उलटा फिरवणं माझ्या टेबलावर एका बटणाचं काम आहे, त्यामुळे ते किती पटकन फसतं हेही रोज दिसतं.

कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. एका लघुपटात अंत्ययात्रा उलटी दाखवायची होती. मुलगा खांद्यावरचं मडकं मागच्या मागे सोडतो आणि ते फुटतं, हा शॉट. स्टीनबेकवर, म्हणजे फिल्म कापायच्या टेबलावर, रीळ उलटं फिरवलं. खापऱ्या गोळा झाल्या, मातीत पसरलेलं पाणी आत शिरलं, मडकं उडून खांद्यावर जाऊन बसलं. खोलीतले सगळे ‘वा!’ म्हणाले. दुसऱ्यांदा बघताना मात्र मडक्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मागे दुसरी एक चिता जळत होती, तिचा धूर आभाळातून उतरून लाकडांत शिरत होता. माणसं पाठीमागे चालत होती, टाच आधी की चवडा आधी पत्ता नाही. कुठे बघावं कळेना. तो शॉट वाचवला एका कुत्र्याने. चौकटीच्या कोपऱ्यात एक कुत्रं जीभ काढून धापा टाकत बसलं होतं. धाप उलटी फिरवली तरी धापच दिसते. आम्ही चौकट आवळली, मडकं आणि कुत्रं एवढंच ठेवलं. बघणारा कुत्र्याला धरून राहायचा आणि मडक्याचा चमत्कार निवांत बघायचा.

तर तुमच्या कादंबरीत हे कुत्रं कुठे आहे?

उलट्या काळाच्या ज्या कथा टिकल्या, त्या प्रत्येकीत काहीतरी एक हट्टाने सुलट ठेवलेलं सापडतं. ते काय असावं हे लेखकाने आधी ठरवलेलं असतं, उलटं काय करायचं ते मागाहून. नवशिके नेमकं याच्या उलट करतात. (फ्लॅशबॅकबद्दल मी बोलत नाहीये. मागे जाऊन पुन्हा पुढे येणं म्हणजे उलटा काळ नव्हे, आठवण काढणं आहे. टाइम मशीनमध्ये बसून शिवकाळात जाणाऱ्याचं घड्याळही सुलटच चालतं.)

मार्टिन एमिसची ‘टाइम्स ॲरो’ ही १९९१ची कादंबरी घ्या. अमेरिकेतला एक म्हातारा डॉक्टर मरणाच्या क्षणी ‘जागा’ होतो आणि तिथून त्याचं आयुष्य मागे जातं, तरुणपणाकडे, युरोपकडे, आउश्वित्झच्या नाझी छळछावणीकडे. निवेदक त्या डॉक्टरच्याच आत अडकलेलं दुसरं कुणीतरी आहे. त्याला डॉक्टरच्या भावना जाणवतात, विचार कळत नाहीत, आणि मुख्य म्हणजे त्याचं मन सुलट चालतं. समोरचं उलटं जग त्याला खरंच तसं वाटतं. धडधाकट माणसं इस्पितळात येतात आणि डॉक्टर त्यांना जखमी करून बाहेर पाठवतात, असं त्याला दिसतं. टॅक्सीवाला आधीच पैसे हातावर ठेवतो, मग हवं तिथे सोडतो, आणि एवढ्या चांगल्या सेवेबद्दल आपण रस्त्यावर उभं राहून कितीतरी वेळ त्याला हात करत राहतो. हसू येतं. मग छळछावणी येते आणि निवेदकाला पहिल्यांदाच जगाचा अर्थ लागतो: इथे धुरातून माणसं घडवली जातात, त्यांना कपडे आणि केस परत मिळतात, घरच्यांशी गाठ घालून गाडीने घरी पाठवलं जातं. त्याला हे पुण्यकर्म वाटतं. ते सुलट करून वाचण्याचं काम एमिसने आपल्यावर टाकलंय, आणि ते काम करताना अंगावर काटा येतो. सरळ वर्णनाने आला असता त्यापेक्षा जास्त.

त्यातली संवादांची युक्ती तुम्हाला उपयोगी पडेल. सुरुवातीला औषधाच्या दुकानातली बाई ‘गुड, गुड’ म्हणते ते ‘डग, डग’ असं छापलंय, म्हणजे ध्वनीच उलटे. हे चारेक ओळींपुरतंच. लगेच निवेदक ही भाषा शिकतो, आणि तिथून पुढे प्रत्येक वाक्य सुलट, फक्त वाक्यांचा क्रम उलटा: आधी उत्तर, मग प्रश्न. उलटेपणाची चव दाखवली आणि वाचकाला सोडलं. तुम्ही पहिल्या प्रकरणात भटजींचं अख्खं बोलणं अक्षरं उलटी करून छापलंय. ते काढा.

शिवाय आपल्याकडे अक्षर उलटणं आणि ध्वनी उलटणं वेगवेगळं आहे. ‘राम’ कागदावर उलटा लिहिला की ‘मरा’ होतो, वाल्या कोळ्याची गोष्ट त्यावरच उभी आहे. पण ‘राम’ टेपवर बोलून टेप उलटी फिरवा, ‘मार’ ऐकू येतं. मी स्वतः करून पाहिलंय. कागदावरचा खेळ आपल्या भाषांना जुनाच आहे. सोळाव्या शतकात गोदाकाठच्या पार्थपुरातल्या सूर्यकवीने ‘रामकृष्णविलोमकाव्य’ रचलं: संस्कृत श्लोक सुलट वाचला तर रामाची कथा, उलट वाचला तर कृष्णाची. पहिली ओळ ‘दयाश्रीः’वर संपते आणि उलट वाचायला लागलं की तिथूनच ‘श्रीयादवं’ निघतो. विसर्ग कुठे गेला ते विचारायचं नाही. कमाल कारागिरी आहे, पण त्यात वेळ उलटत नाही, वाचणाऱ्याची नजर उलटते.

खरा उलटा काळ पुस्तकांत सिनेमाच्या आधीच आला होता. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ कामिय फ्लामारियों याने १८७२ साली छापलेल्या ‘ल्युमेन’मध्ये एक आत्मा प्रकाशापेक्षा वेगाने पृथ्वीपासून दूर जातो आणि त्याला वॉटर्लूची लढाई उलटी दिसते, मेलेले सैनिक उठून रांगेत उभे राहतात. लुइस कॅरलच्या १८८९च्या ‘सिल्व्ही अँड ब्रूनो’मध्ये एका घड्याळाची कळ फिरवल्यावर एक कुटुंब उलटं जेवतं: तोंडातून मटणाचे तुकडे ताटात येतात, ताटातून मोठ्या तुकड्याला जाऊन चिकटतात, आणि तो भाजलेला तुकडा विस्तवावर फिरत फिरत कच्चा होतो. त्यानंतर १८९६मध्ये ल्युमिएर बंधूंनी भिंत पाडण्याची फिल्म दाखवली आणि तीच उलटी फिरवून भिंत उभी केली. माझ्या धंद्यातली ही पहिली रिव्हर्स.

मला सगळ्यांत आवडतं ते कर्ट व्हॉनेगटच्या ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’मधलं (१९६९) एक-दीड पान. अख्खी कादंबरी उलटी नाही, तिचा नायक काळात कुठेही घरंगळतो. एका रात्री तो टीव्हीवर युद्धपट बघतो आणि तो त्याला उलटा दिसतो. भोकं पडलेली, जखमींनी भरलेली विमानं इंग्लंडमधून मागे मागे उडतात. जळत्या जर्मन शहरावर येऊन पोटं उघडतात, खालच्या आगी ओढून पोलादी नळकांड्यांत भरतात आणि घेऊन जातात. अमेरिकेतले कारखाने रात्रंदिवस चालून ती नळकांडी सुटी करतात, त्यातली खनिजं वेगळी काढतात. हे काम बहुतेक बायका करतात. मग ती खनिजं दूरच्या माणसांकडे जातात, आणि ती माणसं ती जमिनीत पुरतात, पुन्हा कुणाला इजा होऊ नये अशी नीट लपवून. व्हॉनेगट स्वतः १९४५च्या फेब्रुवारीत ड्रेस्डेनमध्ये युद्धकैदी होता, वरून बॉम्ब पडत असताना. त्या पानात एकही दुःखाचा शब्द नाही. सूर कारखान्याच्या कामकाजाचा आहे, आणि तो सूर सुलट आहे.

दुसरी वाट प्रवेशांचा क्रम उलटा ठेवण्याची. हॅरॉल्ड पिंटरच्या ‘बिट्रेयल’ या नाटकात (१९७८) नऊ प्रवेश आहेत. पहिला १९७७चा, एका बाईचं नवऱ्याच्या मित्राशी असलेलं प्रेमप्रकरण संपून दोन वर्षं झाल्यावर ती दोघं पबमध्ये भेटतात. शेवटचा १९६८चा, जिथे ते सुरू होतं. प्रत्येक प्रवेशाच्या आत काळ नेहमीसारखाच चालतो. आणि गंमत बघा, पिंटरही हट्टाने प्रत्येक पाऊल मागे टाकत नाही. दुसरा प्रवेश पहिल्यानंतरचाच आहे, १९७३चे तीन प्रवेशही सुलट क्रमाने येतात, कारण नवऱ्याला कळल्यानंतर तो मित्राशी कसा वागतो हे त्याच क्रमाने बघायला हवं. अशा नाटकात ‘पुढे काय होणार’ हा प्रश्न मेलेला असतो. त्याच्या जागी ‘कुणाला केव्हापासून माहीत होतं’ हा प्रश्न बसवावा लागतो. तुमच्या कादंबरीत पहिला प्रश्न गेलाय आणि दुसरा आलेला नाही. पन्नास पानांत वाचक थांबतात ते यामुळे, गोंधळामुळे नव्हे.

कोरियन दिग्दर्शक ली चँग-डाँगचा ‘पेपरमिंट कँडी’ याच वाटेचा. १९९९मध्ये एक मोडलेला माणूस रेल्वेच्या पुलावर चढून येणाऱ्या गाडीसमोर ‘मला परत जायचंय’ म्हणून ओरडतो, आणि सिनेमा सात टप्प्यांत १९७९पर्यंत मागे जातो, त्याच नदीकाठी. टप्प्यांमध्ये रुळांचा शॉट येतो. गाडी पुढे जातेय असं वाटतं. मग रस्त्यावरच्या मोटारी उलट्या पळताना दिसतात आणि उमगतं की गाडीच्या मागच्या टोकावरून घेतलेलं चित्रण उलटं लावलंय. उलटं जे काही आहे ते या सांध्यांत. आतले प्रसंग सरळ. क्रिस्टोफर नोलनच्या ‘मेमेंटो’तही (२०००) हालचालच उलटी आहे ती फक्त सुरुवातीच्या शॉटमध्ये, जिथे पोलरॉइडचा फोटो पुसट होत जातो. पुढे रंगीत प्रसंग मागे जातात, कृष्णधवल प्रसंग पुढे येतात आणि दोन्ही शेवटी भेटतात. नोलनच्याच ‘टेनेट’मध्ये (२०२०, थोडं चित्रीकरण मुंबईतही झालं) मात्र उलटं आणि सुलट एकाच चौकटीत मारामारी करतात. एडिटर म्हणून मी टोपी काढते. प्रेक्षक म्हणून नियम समजून घेण्यातच माझे अडीच तास गेले, कुणासाठी जीव तुटला नाही.

फसलेलं उदाहरण हवं तर फिलिप के. डिकची ‘काउंटर-क्लॉक वर्ल्ड’ (१९६७). मेलेले थडग्यात जागे होऊन आतून हाका मारतात, माणसं भेटल्यावर ‘गुडबाय’ आणि निघताना ‘हॅलो’ म्हणतात, जेवण ही चारचौघांत न करण्याची गोष्ट झालीय, ग्रंथालयाचं काम पुस्तकं नष्ट करणं. कल्पना एकाहून एक. पण हीच माणसं पुढचे बेत आखतात, पाठलाग करतात, बोलतात सगळं सुलट. काय उलटायचं आणि काय नाही हे पानागणिक बदलतं. थडग्यातल्या हाका मात्र वाचल्यापासून डोक्यातून गेल्या नाहीत.

शरीर उलटं आणि जग सुलट हा प्रकार सोपा, म्हणून सर्वांत लोकप्रिय. फिट्झजेराल्डचा बेंजामिन बटन (१९२२) १८६० साली बाल्टिमोरमध्ये दाढीवाला म्हातारा म्हणून जन्मतो. कॅलेंडर, लग्न, युद्धं सगळं पुढे चाललंय, तो एकटा मागे. विनोदी अंगाने लिहिलेली गोष्ट आहे. २००८च्या सिनेमाने तिला हळवं केलं. मला त्याहून जवळची वाटते डॅन सिमन्सच्या ‘हायपेरियन’मधली (१९८९) रेचल. ती रोज एक दिवस लहान होते आणि त्या दिवसाची आठवणही जाते. रोज सकाळी आईबापांनी तिला काय झालंय ते नव्याने सांगायचं, आणि आपण एका रात्रीत एवढे म्हातारे कसे झालो तेही. एक दिवस तीच म्हणते, आता सांगू नका. इथे सुलट आहे तो बाप. वाचक त्याच्या खांद्यावर बसून जातो.

तुमच्या कादंबरीची सख्खी मावशी मात्र क्यूबात आहे. आलेहो कार्पेंतिएरची १९४४ची कथा, ‘बीजाकडे प्रवास’ असा तिच्या नावाचा अर्थ. हवानातला जुना वाडा मजूर पाडतायत. संध्याकाळी ते निघून गेल्यावर एक म्हातारा काठी फिरवतो आणि फरश्या उडून जागेवर बसतात. मेलेला मालक डॉन मार्सियल डोळे उघडतो, मेणबत्त्या जळता जळता उंच होतात. पुढे तो तरुण होत जातो, आणि एक दिवस त्याच्या सहीला कायद्याने किंमत उरत नाही, तो अल्पवयीन झालाय, म्हणून घरात मेजवानी होते! मग खुर्च्या उंच होतात, खेळणी मोठी होतात, आणि अखेरीला सगळंच मुळाला जातं: पाखरं अंड्यात, लाकूड रानात. पण सुरुवातीला आणि शेवटी सुलट काळाच्या चौकटीत मजूर आहेत. सकाळी ते कामावर येतात तर पाडायला वाडाच नाही, आणि ते कामगार संघटनेकडे तक्रार करायला निघतात. ते मजूर म्हणजे त्या कथेतलं कुत्रं.

भौतिकशास्त्रात फार शिरू नका, एवढं एक सांगते. शास्त्रज्ञ एडिंग्टनने ‘काळाचा बाण’ (काळ एकाच दिशेने जातो या अर्थी) हा शब्दप्रयोग १९२०च्या दशकात रूढ केला, आणि आपले जयंत नारळीकर फ्रेड हॉइलबरोबर १९६०च्या दशकात त्याच बाणावर काम करत होते: विद्युतचुंबकत्वाची समीकरणं दोन्ही दिशांना सारखीच चालतात, मग प्रत्यक्षात एकच दिशा का दिसते, त्याचा विश्वाच्या प्रसरणाशी काय संबंध. असं असून नारळीकरांनी ‘उजव्या सोंडेचा गणपती’ लिहिली तेव्हा काळ नाही उलटवला, डावं-उजवं उलटवलं. उजव्या हाताचा गोलंदाज डावखुरा होतो, बाकी क्रिकेट होतं तसंच. एक बदल, बाकी सगळं घरचं. यातून शिका.

आता मराठीची अडचण, जी परक्या पुस्तकांत सापडणार नाही. आपली गोष्ट ‘-ऊन’वर चालते. ‘आजोबा उठून, चूळ भरून, चहा पिऊन बाहेर पडले.’ यातला क्रम वाक्यातच शिवलेला आहे. तुमच्या पहिल्या प्रकरणात ‘कावळा शीत पिंडावर ठेवून, मागे सरकून, उडून झाडावर गेला’ असं आहे. छान वाक्य आहे! पण ते लिहिताच एक निवेदक तयार झाला, ज्याचं मन सुलट आणि जग उलटं, म्हणजे एमिसची वाट. दुसऱ्या प्रकरणात इस्पितळातला दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत सरळ चालतो, म्हणजे पिंटरची वाट. वाचकाने पहिल्या वीस पानांत एक सवय लावून घेतली आणि तुम्ही ती मोडलीत. दोन्हींतली एक निवडा. मला विचाराल तर दुसरी, कारण तीनशे पानं उलटा चहा कुणी पीत नाही. कावळ्याचं वाक्य ठेवा, पण तो एकच शॉट, पोलरॉइडसारखा.

सन-तारखांचे मथळे काढून टाका. वाचक आकडे वजा करत बसतो. मराठीत ‘आदला’ हा सोन्यासारखा शब्द आहे: आदल्या रात्री, आदल्या श्रावणात, लग्नाच्या आदल्या वर्षी. प्रकरणाच्या पहिल्या ओळीत तो आला की दिशा कळते. ‘मागे’ आणि ‘पुढे’ जपून वापरा, पुस्तकात पुढे म्हणजे आयुष्यात मागे, गोंधळ तिथेच होतो. ‘परवा’ बिनधास्त वापरा, तो बिचारा दोन्हीकडे जातो.

आणि एखादी वस्तू धरा. आजोबांच्या घरातला तडा गेलेला पाट घ्या: दहाव्याला त्यावर फोटो आहे. मागे जाताना एका प्रकरणात तडा बारीक असेल, आधीच्या एकात नसेलच, आणि मधल्या कुठल्यातरी पानावर तो कुणाच्या रागाने पडला ते दिसेल. वाचक त्या पानाची वाट बघत राहील. प्रसंगांचा सुलट क्रम एका मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावा. मी तर कोणतीही उलटी पटकथा आधी सुलट जुळवून बघते. सुलट लावल्यावर जी गोष्ट कंटाळवाणी ठरते, ती उलटवून सुधारलेली मी अजून पाहिली नाही.

दोन वाचकांनी पुस्तक ठेवलं म्हणून खचू नका. ‘मेरिली वी रोल अलाँग’ ही उलट्या क्रमाची संगीतिका १९८१मध्ये ब्रॉडवेवर आली तेव्हा प्रेक्षकांना कोण कोण ते कळेना, म्हणून नटांच्या स्वेटशर्टांवर ओळख छापली, तरी ती सोळा प्रयोगांत बंद पडली. २०२३मध्ये तीच पुन्हा आली आणि पुढच्या वर्षी सर्वोत्तम पुनरुज्जीवनाचा टोनी पुरस्कार घेऊन गेली.

शेवटच्या प्रकरणाबद्दल एक शंका उरते. बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते. तुमच्या पुस्तकात त्याआधीचा एक क्षण शेवटच्या पानावर आहे, पाळणा हलतोय, नाव अजून ठेवलेलं नाही. तीनशे पानं ज्यांना ‘आजोबा’ म्हटलं, आणि मागे जाता जाता ‘बाबा’, ‘दादा’, मग नुसत्या नावाने, त्यांना त्या पानावर तुम्ही काय म्हणणार आहात?